डोंगराचा हिशेब

व्हेनेझुएलाची राजधानी कराकास समुद्रापासून अगदी जवळ आहे, पण शहरातून समुद्र दिसत नाही. मध्ये डोंगर आडवा येतो. पूर्व-पश्चिम पसरलेली ही किनाऱ्याची पर्वतरांग शहराच्या उत्तरेला भिंतीसारखी उभी आहे. तिच्या दोन शिखरांमध्ये खोलगट भाग आहे. स्पॅनिश लोकांना तो घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखा दिसला, म्हणून त्यांनी डोंगराचे नावच 'सिला', म्हणजे खोगीर, ठेवले. त्यातले पूर्वेकडचे शिखर २६४० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटरने अधिक. आणि एवढ्या उंच शिखरापासून समुद्र सरळ रेषेत दहा किलोमीटरही नाही. एका अंगाला कॅरिबियन समुद्राचा दमट उकाडा, दुसऱ्या अंगाला बारमाही वसंत ऋतू वाटावा अशी हवा, आणि मध्ये हे खोगीर.

१७९९ साली कराकासमध्ये चाळीस हजारांच्या आसपास लोक राहत होते. डोंगरातून उतरणाऱ्या कातुचे, अनाउको अशा ओढ्यांचे पाणी ते पीत, संध्याकाळी शिखरावरून खाली सरकणाऱ्या धुक्याखाली जेवणे उरकत. त्या वर्षीच्या २१ नोव्हेंबरला तीस वर्षांचा एक जर्मन आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान असा त्याचा फ्रेंच सोबती गावात आले. गावाच्या वरच्या अंगाला त्यांनी एक घर घेतले. सिलाच्या माथ्यापर्यंत कोण जाऊन आले आहे, याची त्या जर्मन तरुणाने चौकशी सुरू केली. शिकारी, जमीनदार, पाद्री, सगळ्यांना विचारून झाले. पण माथा पाहिलेला एकही माणूस त्याला त्या गावात भेटला नाही.

हा तरुण म्हणजे अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. आपल्याकडे शाळेच्या भूगोलात हे नाव एका ओळीपुरते येते. पेरूच्या किनाऱ्याने वाहणारा थंड प्रवाह तो हम्बोल्ट प्रवाह, एवढे पाठ करून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. गंमत म्हणजे त्या नावाला खुद्द त्याचीच हरकत होती. तिथल्या कोळ्यांना तो प्रवाह तीनशे वर्षे ठाऊक आहे, आपण फक्त त्यात तापमापक बुडवला, असे त्याचे म्हणणे होते. ज्याच्या नावावर जे नाही ते त्याच्या खात्यात जमा होऊ नये, याबद्दल हा माणूस फार काटेकोर होता. बँकेच्या नोकरीत खातेवह्या तपासण्यात माझी उमर गेली. त्यामुळे असा माणूस दिसला की मला त्याच्याबद्दल आपोआपच आपुलकी वाटते.

त्याचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ चा, बर्लिनचा. वडील प्रशियाच्या दरबारी वावरणारे, पण अलेक्झांडर नऊ वर्षांचा असतानाच ते गेले. आई श्रीमंत घरची, करड्या शिस्तीची. अलेक्झांडर आणि त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा विल्हेल्म या दोघा मुलांना तिने उत्तम शिक्षक ठेवले. माया मात्र हात राखूनच केली. विल्हेल्म पुस्तकांत रमे. धाकटा तेगेलच्या वाड्याभोवतीच्या रानातून खिसे भरून किडे, पाने, दगड घेऊन येई. घरचे त्याला चेष्टेने छोटा औषधविक्या म्हणत. आईची इच्छा मुलांनी सरकारी नोकरीत चढावे अशी होती. मुलानेही ती मोडली नाही. खाणविद्येचे शिक्षण घेऊन १७९२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो खाणींचा निरीक्षक झाला.

ही नोकरी त्याने पाट्या टाकून केली नाही. रोज जमिनीखाली उतरून त्याने कामगारांची स्थिती पाहिली. १७९३ मध्ये स्वतःच्या खिशातून पैसे घालून खाणकामगारांसाठी एक शाळा उघडली. दूषित हवेतही जळत राहील असा दिवा आणि श्वास घेण्याचे एक यंत्र त्याने बनवले, आणि त्या दिव्याची परीक्षा घेताना जीव जाता जाता वाचला. मात्र या सगळ्या वर्षांत त्याच्या डोक्यात दूरचे प्रदेश घर करून होते. आई हयात असेपर्यंत तो विषय घरात काढण्याची सोय नव्हती.

नोव्हेंबर १७९६ मध्ये आई वारली. त्याच्या वाट्याला लाखभर थालरची इस्टेट आली. चांगली सरकारी नोकरी असलेला, बढतीच्या उंबरठ्यावरचा, बिनलग्नाचा सत्तावीस वर्षांचा तरुण एवढी रक्कम घेऊन माझ्या टेबलासमोर बसला असता, तर मी त्याला काय सल्ला दिला असता ते मला पक्के ठाऊक आहे. निम्मी रक्कम मुदत ठेवीत टाका, उरलेल्यात घर घ्या, आणि नोकरी सोडू नका. हम्बोल्टने काही महिन्यांत नोकरीचा राजीनामा दिला आणि सगळा पैसा प्रवासासाठी मोकळा केला.

पण पैसा हाती असूनही वाट मिळेना. युरोपभर नेपोलियनच्या लढाया चालल्या होत्या. फ्रेंच सरकारची एक जगप्रदक्षिणा मोहीम ऐन वेळी रद्द झाली, इजिप्तचा बेत फसला. या धडपडीत पॅरिसमध्ये त्याला एमे बाँप्लां हा डॉक्टर आणि वनस्पतितज्ज्ञ भेटला. दोघे मिळून स्पेनला गेले. मार्च १७९९ मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना आपल्या अमेरिकेतील वसाहतींत हवे तिथे हिंडण्याचा परवाना दिला. असा परवाना परक्या माणसाला सहसा मिळत नसे. पण हा माणूस खाणींतला जाणकार होता, आणि खर्च स्वतःचा स्वतः करणार होता! कोणत्या राजाने नाही म्हटले असते?

५ जून १७९९ रोजी त्यांचे जहाज सुटले. सामानात चाळीसहून अधिक उपकरणे होती. उंची सांगणारे वायुभारमापक, तारे पाहण्याच्या दुर्बिणी, आणि आभाळाचा निळेपणा मोजण्याचे एक यंत्रसुद्धा. खरे तर त्यांना क्यूबाला जायचे होते. वाटेत जहाजावर तापाची साथ आली, म्हणून कप्तानाने व्हेनेझुएलातल्या कुमाना बंदरात नांगर टाकला. तारीख होती १६ जुलै. त्या तापामुळेच हम्बोल्टची आणि या किनारी पर्वतरांगेची गाठ पडली.

कुमानाचे पहिले दिवस दोघांनी वेड्यासारखे काढले. कुठले फूल आधी उचलावे ते कळेना. एक नमुना हातात घ्यावा तर पुढे दुसरा खुणावे. पण ज्या घरात ते राहत होते, त्याच्या खिडकीतून चौकातला गुलामांचा बाजार दिसे. विकत घेणारे लोक माणसांची तोंडे उघडून दात तपासत होते, आपल्याकडे बैलबाजारात तपासतात तसे. हे दृश्य हम्बोल्ट जन्मभर विसरला नाही. पुढे मोठमोठ्या दरबारांत त्याची ऊठबस झाली, पण गुलामगिरीविरुद्ध बोलताना त्याने कुणाची भीड ठेवली नाही.

नोव्हेंबरात ते समुद्रमार्गे ला ग्वायरा या कराकासच्या बंदरावर आले. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत कसेबसे बसलेले हे गाव. पाठीमागे कडा इतका जवळ की वरून काही गडगडत आले तर पळायला समुद्राखेरीज जागा नाही. पुढच्या प्रवासवर्णनात हम्बोल्टने तिथल्या एका पुराची नोंद केली आहे. फेब्रुवारी १७९८ मध्ये डोंगरात साठ तास पाऊस पडला, आणि ज्या ओढ्यात एरवी वीतभरही पाणी नसे तो मोठमोठे वृक्ष आणि शिळा घेऊन गावात शिरला. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

सिलावर चढायचा दिवस ठरला ३ जानेवारी १८००. आदली रात्र त्यांनी पायथ्याच्या एका कॉफीच्या मळ्यात काढली. कॉफी त्या खोऱ्यात नवीनच होती, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची. पहाटे निघाले तेव्हा एकूण अठरा माणसे होती. त्यांत आंद्रेस बेयो नावाचा अठरा वर्षांचा, तब्येतीने नाजूक विद्यार्थी काही अंतर सोबत आला. हाच पुढे दक्षिण अमेरिकेचा थोर कवी आणि व्याकरणकार झाला. गणित शिकवणारा एक तरुण पाद्रीही होता. निघताना त्याचा उत्साह सर्वांत दांडगा होता. चढ सुरू झाला तसा तो मागे पडला आणि शेवटी एका मळ्यात बसून दुर्बिणीतून यांची चढाई पाहू लागला. तेवढ्याने बिघडले नसते. पण पाणी आणि शिदोरी त्याच्याच ताब्यात होती! उपकरणे मात्र वर पोहोचली, कारण ती गुलामांच्या अंगावर होती. गुलामगिरीचा तिटकारा असलेल्या माणसालाही त्या देशात डोंगर चढायचा तर दुसरी सोय नव्हती. चरित्रकार या तपशिलावरून सहसा लवकर पुढे सरकतात, मला तसे सरकता येत नाही.

चढताना हम्बोल्ट नेमके काय पाहत होता? समुद्राकाठी निवडुंग आणि खारफुटी. खोऱ्यात ऊस, केळी, कॉफी. त्यावर दाट अरण्य, मग निसरड्या गवताचे उतार, आणि आणखी वर जांभळ्या फुलांची खुरटी झुडपे. ती पाहताच त्याला युरोपातल्या आल्प्स पर्वतावरच्या रानफुलांची आठवण झाली. विषुववृत्ताजवळच्या डोंगरावर काही तास चढले की वनस्पतींचा मुलूख बदलतो, अक्षांश ओलांडून उत्तरेकडे महिनोन्महिने चालल्यावर बदलावा तसा. गोळा केलेल्या वनस्पतींची नावांनुसार यादी करणारे पुष्कळ होते. कोणते झाड किती उंचीवर, किती उष्णतेत, कोणत्या शेजाऱ्यांबरोबर राहते, हे एकत्र मांडावे असे त्याच्या मनात घोळत होते. सिला ही त्या मांडणीची एक सुरुवातीची पाटी म्हणता येईल.

माथ्यावर पोहोचल्यावर कधी ढगाने सगळे गिळावे, कधी पडदा बाजूला होऊन एकीकडे खोरे आणि दुसरीकडे थेट खाली समुद्र दिसावा, असे चालले होते. समुद्राकडची बाजू इतकी ताशीव की पाहताना पोटात गोळा यावा. हम्बोल्ट उपकरणे लावत असताना शेकडो लहान केसाळ माश्या त्याच्या हातांवर येऊन बसल्या. त्या सहसा डसत नाहीत, म्हणून तिथले लोक त्यांना 'छोटे देवदूत' म्हणत. हातभर देवदूत घेऊन त्याने वाचने घेतली, आणि काढलेली उंची आजच्या मोजणीला फार जवळची निघाली. उतरताना अंधार पडला, पण धडपडत सगळे सुखरूप खाली आले.

डोंगरावर त्याने पाहिले त्याचा जमाखर्च त्याला महिनाभराने, डोंगराच्या पायथ्याशी सापडला. ७ फेब्रुवारीला कराकास सोडून ते पश्चिमेकडच्या आराग्वाच्या खोऱ्यात उतरले. हे खोरे याच किनारी रांगांच्या कुशीत आहे. नीळ, कापूस, ऊस यांचे समृद्ध मळे. वाटेत तुर्मेरो गावाजवळ एक झाड होते. दूरवरून ते झाड न वाटता हिरव्या टेकाडासारखे दिसे. हम्बोल्टने मोजले: खोड साठ फूट उंच, नऊ फूट जाड, आणि पर्णसंभाराचा घेर ५७६ फूट. तिथल्या लोकांना या झाडाचे इतके कौतुक की त्याची फांदी तोडणाऱ्याला शिक्षा होई. हे झाड 'सामान' जातीचे. आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर छत्रीसारखे पसरणारे, संध्याकाळी पाने मिटणारे गुलाबी फुलांचे रेन ट्री म्हणजे विलायती शिरीष, ते याच जातीचे. आपल्या फुटपाथवर सावली धरणारे हे झाड मूळचे त्या मुलखातले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते?

या खोऱ्याच्या तळाशी व्हालेन्सियाचे मोठे तळे आहे. डोंगरांतून येणारे ओढे त्याला मिळतात आणि तळ्यातून समुद्राकडे जाणारी वाट नाही. आणि हे तळे आटत चालले होते. व्हालेन्सिया शहर वसले तेव्हा ते तळ्यापासून अर्ध्या लीगवर, म्हणजे तीनएक किलोमीटरवर होते, असे जुन्या इतिहासात लिहिलेले होते. हम्बोल्टने पाहिले तेव्हा अंतर पाच किलोमीटरच्या वर गेले होते. बेटांची जमिनीला जोडलेली टोके झाली होती, आणि पाण्यातून नवीच बेटे वर आली होती. मळेवाले मागे सरणाऱ्या पाण्याच्या जागेवर हौसेने लागवड करत होते. पाणी जाते कुठे? तळाला भोक आहे, भुयारातून समुद्राला जाते, असे सगळे सांगत.

हम्बोल्टला भोक सापडले नाही. त्याने दुसरीकडे शोधले. तळ्यावरून किती वाफ होते त्याचा अंदाज घेतला, ओढे किती आणतात ते पाहिले, मळ्यांसाठी किती ओढे वळवले ते विचारले. आणि मग वर, उतारांकडे पाहिले. उतारांवरची झाडे तोडून तिथे लागवड झाली होती. झाडे असतात तेव्हा पानांची सावली जमिनीचा ओलावा उडू देत नाही, मुळे आणि पालापाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतात, झाडे हवेत दमटपणा सोडतात, आणि जमिनीत मुरलेले पाणी झऱ्यांतून वर्षभर थोडे थोडे मिळत राहते. झाडे गेली की तोच पाऊस उघड्या उतारावरून माती घेऊन एका दिवसात धावत खाली येतो. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडा ओढा, ही एकाच तोडीची दोन फळे आहेत.

आज हे आपल्याला चौथीच्या पुस्तकातले वाटते. १८०० साली रान तोडणे म्हणजे प्रगती, एवढीच समजूत होती. तोडलेल्या झाडाची किंमत मळेवाल्याच्या वहीत जमेला पडे, आटलेल्या झऱ्याची नोंद कुणाच्याच वहीत होत नसे. पाणी, माती, जंगल, नीळ, गुलाम आणि साखर हे सगळे एकाच खात्याचे आकडे आहेत, हे हम्बोल्टने त्या तळ्याकाठी मांडले. आधी कुणाला झाडे आणि पाऊस यांचे नाते सुचलेच नव्हते असे नाही, पण मोजमापांसह एका खोऱ्याचा असा ताळेबंद मांडणे नवीन होते.

ताळेबंद बरोबर की चूक, याची एक परीक्षाही झाली. बावीस वर्षांनी बुसिंगो नावाचा फ्रेंच रसायनतज्ज्ञ, हम्बोल्टच्याच शिफारशीने, त्या देशात गेला. मधल्या काळात स्वातंत्र्याच्या लढाया झाल्या होत्या. मळे ओस पडले होते, गुलाम सैन्यात गेले होते आणि उतारांवर रान पुन्हा माजले होते. तळ्याचे पाणी चढले होते. हम्बोल्टने कोरडी पाहिलेली काही जमीन पुन्हा पाण्याखाली गेली होती. पावसाच्या लहानमोठ्या फेऱ्यांचाही यात वाटा असतो, असे आजचे शास्त्रज्ञ सांगतात आणि ते योग्यच आहे. तरी दोन प्रवाशांनी दोन काळांत केलेल्या या नोंदी लागोपाठ वाचताना थक्क व्हायला होते.

आराग्वाहून किनाऱ्याकडे जाताना मार्चच्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक नवल पाहिले. खडकाळ उतारावर उभे असलेले, चामड्यासारख्या पानांचे एक झाड. कित्येक महिने पावसाचा थेंब नाही, फांद्या वाळल्यासारख्या, आणि बुंध्याला चीर दिली की दाट, गोडसर पांढरे दूध वाहू लागे. लोक त्याला 'गायझाड' म्हणत. पहाटे गुलाम मोठे वाडगे घेऊन येत. कुणी झाडाखालीच पिई, कुणी मुलांसाठी घरी नेई. चीक म्हणजे विष, हेच आजवर शिकलेल्या हम्बोल्टने ते संध्याकाळी आणि सकाळी भरपूर प्यायले आणि काही अपाय झाला नाही. एवढ्या प्रवासात आपल्या मनावर याच्याइतका ठसा थोड्याच गोष्टींनी उमटवला, असे त्याने नंतर नमूद केले आहे.

पुढची चार वर्षे जगप्रसिद्ध आहेत, त्यामुळे थोडक्यात सांगतो. ओरिनोको नदीवर डास आणि सुसरींच्या संगतीत पंचाहत्तर दिवस. क्यूबा. अँडीज पर्वत. जून १८०२ मध्ये चिंबोराझो, जे त्या काळी जगातले सर्वांत उंच शिखर मानले जाई. माथा मिळाला नाही, पण तोवर कोणी पोहोचल्याची नोंद नव्हती अशी उंची त्याने गाठली. मग मेक्सिको आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने. ऑगस्ट १८०४ मध्ये दोघे परतले तेव्हा बरोबर वनस्पतींचे सुमारे साठ हजार नमुने होते. चिंबोराझोच्या उभ्या छेदावर कोणत्या उंचीला कोणती वनस्पती ते दाखवणारे त्याचे मोठे चित्र १८०७ मध्ये छापले गेले. सिलावर ज्या मांडणीची सुरुवात झाली होती, ती त्यात पूर्ण झालेली दिसते.

पॅरिसमध्ये त्याला कराकासचाच एक श्रीमंत तरुण भेटला, सिमोन बोलिवार. हम्बोल्ट सिलावर चढला तेव्हा हा स्पेनमध्ये होता. ज्या डोंगराखाली तो वाढला त्या डोंगराबद्दल त्याला या जर्मन माणसाकडून ऐकायला मिळाले. पुढे बोलिवारने त्या देशांना स्वतंत्र केले. हम्बोल्टबद्दल त्याला अखेरपर्यंत आदर होता. बाँप्लां मात्र परत दक्षिण अमेरिकेत गेला आणि पाराग्वेच्या हुकूमशहाच्या कैदेत जवळजवळ दहा वर्षे अडकला. सुटल्यावरही तो युरोपात परतला नाही, १८५८ मध्ये तिकडेच वारला.

हम्बोल्टच्या वाट्याला दुसरी कैद आली, छपाईची. प्रवासाचा वृत्तान्त छापायला त्याला तीसएक वर्षे लागली आणि खंड झाले तीसच्या आसपास. उत्तम चित्रकार, उत्तम कोरीव पट्ट्या, उत्तम कागद. सगळे स्वतःच्या खर्चाने. पुस्तके इतकी महाग झाली की विद्वानांनाही परवडेनात. आईचा पैसा प्रवासात आणि या पुस्तकांत संपला. नाइलाजाने १८२७ मध्ये बर्लिनला परतून प्रशियाच्या राजाची चाकरी धरावी लागली. दिवसा राजाला जेवताना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि रात्री स्वतःचे लेखन करायचे, असा दिनक्रम. पण त्याच वर्षी त्याने बर्लिनमध्ये विज्ञानावर व्याख्याने दिली, तीही फुकट आणि सगळ्यांना खुली. बायकांना विद्यापीठाचे दार बंद असण्याच्या त्या काळात त्या मोठ्या संख्येने या सभागृहात येऊन बसल्या.

या सगळ्या वर्षांत त्याची एक इच्छा अपुरी राहिली, आणि तिचा संबंध आपल्याशी आहे. त्याला हिंदुस्थानात यायचे होते. हिमालयाची मापे घ्यायची होती, अँडीजशी ताडून पाहायची होती. प्रशियाचा राजा खर्चाला तयार होता. १८१४ ते १८१८ या काळात तीनदा लंडनला जाऊन त्याने खटपट केली. परवानगी ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात होती आणि तिने ती कधीच दिली नाही. स्पेनने वसाहतींत काय केले, हे या माणसाने आकड्यांनिशी छापले होते. तो आपल्या मुलखात हिंडून काय छापेल, ही धास्ती संचालकांना वाटली असली तर नवल नाही. नवल आहे ते पुढेच. कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टरांनी त्याची आणि बुसिंगोची पुस्तके वाचली. मद्रासकडे एडवर्ड बाल्फोरने जंगलतोड आणि दुष्काळ यांचा संबंध सरकारपुढे मांडला. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख, १८४७ मध्ये पहिला वनसंरक्षक झाला. कोकणातले डोंगर उघडे पडले तर झरे आटतील आणि खाड्या गाळाने भरतील, असे तो सरकारला बजावत राहिला. व्हालेन्सियाच्या तळ्याकाठचे गणित सह्याद्रीपर्यंत आले, ज्याने ते मांडले त्याला मात्र मुंबईच्या धक्क्यावर उतरता आले नाही.

म्हातारपणी तो बर्लिनमध्ये भाड्याच्या घरात राहत होता. घरमालकाने घर विकायचे ठरवले तेव्हा पुस्तकांचे आणि नमुन्यांचे ढीग कुठे हलवायचे या काळजीने तो हवालदिल झाला. मेंडेलसोन या सावकारी पेढीच्या मालकाने ते घर स्वतः विकत घेतले आणि हम्बोल्टने हवे तेवढे दिवस राहावे असे सांगितले. आमच्या धंद्याच्या इतिहासात अशा नोंदी फार नाहीत, म्हणून ही मुद्दाम सांगतो. ६ मे १८५९ रोजी, नव्वदीला चार महिने कमी असताना, तो गेला. वेस्ट पॉकेटमध्ये मावेल एवढीही इस्टेट उरली नव्हती. होते ते सामान आणि ग्रंथसंग्रह त्याने जुना नोकर योहान सायफर्ट याच्या नावे आधीच करून ठेवले होते, मागच्या पगाराचे देणे फेडायला दुसरे काही नव्हतेच. तो ग्रंथसंग्रह पुढे लंडनला विकायला गेला आणि १८६५ मध्ये तिथे लागलेल्या आगीत बहुतेक जळाला.

मागे राहिला डोंगर. १८१२ च्या भूकंपाने कराकास जमीनदोस्त केले, सिला जागेवर राहिला. विसाव्या शतकात पेट्रोलच्या पैशाने शहर फुगले आणि उतारांवर चढू लागले. त्याआधीच, १९३७ मध्ये, ऑन्री पित्तिए या स्वित्झर्लंडहून आलेल्या वनस्पतितज्ज्ञाच्या खटपटीने आराग्वाच्या वरच्या किनारी अरण्यात देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. कराकासच्या डोंगराची पाळी १९५८ मध्ये आली. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या रेषेवर पुढे एक रस्ता झाला. त्याला लोक 'कोटा मिल', म्हणजे हजाराची पातळी, म्हणतात. त्या रेषेच्या वर शहराने चढायचे नाही. शहराकडच्या अंगाला ही लक्ष्मणरेषा बऱ्याच अंशी पाळली गेली.

समुद्राकडच्या अंगाला तसे झाले नाही. ओढ्यांच्या मुखाशी, जुन्या पुरांनी आणून टाकलेल्या गोट्यांच्या पंख्यांवर वसाहती आणि इमारती उठल्या. १४ ते १६ डिसेंबर १९९९ या तीन दिवसांत तिथे ९०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. एरवी त्या किनाऱ्यावर वर्षभरात याच्या जेमतेम निम्मा पडतो. वरचे उतार अरण्याने झाकलेले होते तरी इतका पाऊस त्यांना पेलला नाही. घराएवढ्या शिळा आणि वृक्ष चिखलातून खाली आले. मेलेल्यांचा आकडा नक्की लागलाच नाही. अंदाज काही शेकड्यांपासून तीस हजारांपर्यंत आहेत. ला ग्वायराच्या पुराची हम्बोल्टची नोंद तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे छापील पानावर होती.

व्हालेन्सियाचे तळे आता आटत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते उलट वाढत गेले. शहरांसाठी दुसऱ्या खोऱ्यांतून पाणी आणले, ते वापरून झाले की गटारांतून आणि कारखान्यांतून तळ्यात येते, आणि बाहेर जायला वाट नाही. माराकाय शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमध्ये घरांत पाणी शिरले, लोकांना उठवावे लागले. हम्बोल्टच्या वहीत नसलेली ही नवी रकान्याची भर.

कराकासच्या डोंगरावर त्याच्या नावाची खूणही आहे. १९५६ मध्ये तिथल्या लष्करी हुकूमशहाने शिखराच्या धारेवर, दोन हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर, एक गोल उंच आलिशान हॉटेल बांधले आणि शहरातून वर जायला तारेवरचा पाळणा केला. नाव ठेवले हॉटेल हम्बोल्ट. दीड वर्षात हुकूमशहा देश सोडून पळाला. पाळणा बिघडला, हॉटेलला गिऱ्हाइके मिळेनात आणि पुढची कित्येक दशके ते बंदच होते. खाली मात्र रविवारी सकाळी कोटा मिलच्या रस्त्यावरची वाहने थांबवण्याचा रिवाज पडला, आणि कराकासची बायकामुले त्या रस्त्यावरून चालू लागली.